टेस्टरमधला निऑन

निऑनचा इतिहास लिहायला बसलेला माणूस पहिल्या परिच्छेदातच पॅरिसला पोचतो आणि दुसऱ्यात अमेरिकेला. आपल्याकडचा असेल तर तिसऱ्यात मुंबईला उतरतो, चर्चगेटच्या चित्रपटगृहांसमोर थोडा रेंगाळतो आणि तिथेच थांबतो. पुढे जायचे कारण त्याला दिसत नाही. निऑन म्हणजे जाहिरातीचा दिवा, जाहिरात म्हणजे महानगर, असे समीकरण इतके पक्के झाले आहे की नंदुरबारसारख्या जिल्ह्याचे नाव या इतिहासात यावे असे कुणाच्या मनातही येत नाही.

मी नंदुरबारला तीसेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. वर्णपटाचा धडा आला की विचारायचो, निऑनचा दिवा कुणी पाहिला आहे का? शहाद्याची, तळोद्याची, धडगावकडची मुले गप्प बसत. एखादा सुरतेला जाऊन आलेला मुलगा हात वर करी. मग मी खिशातून टेस्टर काढायचो आणि टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये घालायचो. त्याच्या पारदर्शक मुठीत नारिंगी ठिणगीएवढा उजेड दिसे. हाच निऑन. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी, ओट्यावरच्या खोक्यात, पक्कड आणि इन्सुलेशन टेपच्या शेजारी तो पडलेला असे.

हा लेख त्या टेस्टरविषयी आहे. निऑनचा शोध, त्याचे फलक, मुंबईची झगमग हे सगळे त्यात येईल, पण वाटेत. माझा मुद्दा साधा आहे. मोठ्या शहरात निऑनने ‘इकडे बघा’ म्हटले. आमच्याकडे त्याला एकच प्रश्न विचारला गेला, ‘वीज आहे का?’ निऑनचा हा दुसरा उपयोग पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक माणसांच्या हाताला लागला, आणि त्याचा इतिहास जवळजवळ कुणीच लिहिला नाही.

निऑन सापडला १८९८ च्या जूनमध्ये, लंडनला. विल्यम रॅम्से आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स हे हवा द्रवरूप करून तिच्यातले घटक उकळत्या तापमानानुसार वेगळे काढत होते. त्याआधी काही दिवसच क्रिप्टॉन सापडला होता. नवा वायू नळीत भरून विजेचा दाब दिला तेव्हा नळी किरमिजी तेजाने भरून गेली. रॅम्सेंच्या तेरा वर्षांच्या मुलाने या वायूला ‘नवा’ अर्थाचे लॅटिन नाव सुचवले, वडिलांनी त्याच अर्थाचा ग्रीक शब्द घेतला. हवेच्या सुमारे पंचावन्न हजार भागांत एक भाग निऑन असतो. म्हणजे दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या आपल्या नेहमीच्या खोलीत सहाशे मिलिलिटरच्या आसपास निऑन फिरत असतो. तो कशाशी संयोग पावत नाही, जळत नाही, वास देत नाही. माणसाने त्याला हजारो वर्षे नाकातोंडातून आतबाहेर केले आणि ओळखले नाही.

याच वर्षी, २२ जानेवारीला, कोकणात विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर खग्रास सूर्यग्रहण पाहायला आले होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या मोहिमेचे. हेलियमचा शोध याच ओट्यांवर लागला असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, ते कालक्रमात बसत नाही. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियरनी त्या वर्षी सूर्याची जी निरीक्षणे केली ती इंग्लंडमधून. विजयदुर्गाची गोष्ट तीस वर्षांनंतरची. ती तशीही पुरेशी चांगली आहे, तिला हेलियमची गरज नाही.

निऑनचा भारताशी खरा धागा वेगळाच आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. जमशेटजी टाटांनी विज्ञानाची एक मोठी संस्था काढायचे ठरवले, तेव्हा ती कुठे काढावी, तिचे स्वरूप कसे असावे हे सांगण्यासाठी रॅम्सेंनाच बोलावण्यात आले. १९०० सालच्या हिवाळ्यात ते भारतात आले, हिंडले, आणि बंगळूरच्या बाजूने त्यांनी कौल दिला. त्या संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, पहिले संचालक म्हणून १९०६ मध्ये नेमले गेले ते मॉरिस ट्रॅव्हर्स. निऑन प्रथम पाहणाऱ्या दोघांपैकी एकाने आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या विज्ञानसंस्थेची जागा ठरवली आणि दुसऱ्याने तिच्या भिंती उभ्या केल्या. आणि ज्या जमशेटजींनी रॅम्सेंना बोलावले त्यांनीच सह्याद्रीचे पाणी अडवून मुंबईला वीज देण्याचे स्वप्न पाहिले होते. तो धागा पुढे लागेल.

फलकांचा निऑन हे फ्रान्सच्या जॉर्ज क्लोदचे काम. द्रवरूप हवेतून ऑक्सिजन काढून विकणे हा त्याचा व्यवसाय होता आणि उरलेल्या वायूंत निऑन फुकट साचत होता. १९१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याने बारा बारा मीटरच्या दोन नळ्या पेटवून दाखवल्या. घरात लावायला हा लाल उजेड कुणाला नको होता, माणसांचे चेहरे त्यात भलतेच दिसत. पण दुकानाच्या पाटीला तो शोभला. दोन वर्षांनी पॅरिसमधल्या एका केशकर्तनालयावर पहिला फलक लागला. इलेक्ट्रोड लवकर झिजू नये याची युक्ती क्लोदला सापडली होती, तिचे अमेरिकी पेटंट १९१५ मध्ये त्याला मिळाले आणि पुढची पंधरा-वीस वर्षे जगातली शहरे त्याला पैसे देत राहिली. दुसऱ्या महायुद्धात त्याने नाझींच्या बाजूच्या फ्रेंच सरकारला साथ दिली आणि त्यापायी नंतर तुरुंगात गेला.

मुंबईत हा उजेड रुजला तो चित्रपटगृहांच्या दर्शनी भागांवर. १९३३ चे रीगल, १९३८ चे इरॉस आणि मेट्रो, स्वातंत्र्यानंतरचे लिबर्टी, या सगळ्या आर्ट डेको इमारती. त्यांच्या उभ्या सरळ रेषा आणि गोलसर कडा जणू काचेच्या नळीसाठीच आखल्या होत्या. पुढे साबण, साड्या, घड्याळे, बँका सगळेच छपरांवर चढले. सर्व रंगांना लोक निऑनच म्हणत, पण निऑनचा स्वतःचा रंग एकच, नारिंगीकडे झुकणारा लाल. निळा हवा असेल तर आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ भरावी लागते. हिरवा-पिवळा-गुलाबी ही काचेच्या आणि आतून दिलेल्या लेपाच्या रंगांची करामत.

या कामातला कारागीर मला नेहमी सोनाराच्या जवळचा वाटला. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची, एक टोक बुचाने बंद, दुसऱ्याला रबरी नळी लावून ती तोंडात धरायची, आणि वाकवताना हलकी फुंकर घालत राहायचे, म्हणजे वळणावर नळी चिमत नाही. मग दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडून, आतली हवा खेचून, वायू भरून सील करायचे. फलकाला काही हजार व्होल्ट लागतात, मोठ्याला पंधरा हजारांपर्यंत. देवनागरीने या कारागिराची परीक्षा पाहिली असणार. नळी म्हणजे एकसंध रेषा. वळणदार रोमन अक्षरे एका दमात लिहिता येतात. आपले अक्षर मात्र शिरोरेषेला लटकलेले. काना खाली उतरला की परत वर जायचे, वेलांटी अक्षराच्या डोक्यावरून आणायची, जोडाक्षर आले की नळी स्वतःवरच दुमडायची, आणि परतीचा जो रस्ता दिसू नये त्याला काळा रंग फासायचा. कुठलाही जुना देवनागरी फलक दिवसा जवळून पाहिला तर हे काळे तुकडे दिसतात. रात्री जे अक्षर सरळ वाचता येते त्याच्या मागे दिवसा एवढी लपवाछपवी असते.

पण ही वीज येत कुठून होती? १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून मुंबईला वीज मिळू लागली. गिरण्यांची धुराडी थंडावली तशी रस्त्यांची रात्र उजळली. पुढचे धरण मुळशीला. तिथल्या मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांची नावे त्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. इरॉसचा दिवा पेटला तेव्हा मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईला येऊन दहाएक वर्षे झाली होती. निऑनच्या इतिहासात मुळशी कुणी लिहीत नाही, आणि मुळशीच्या इतिहासात निऑन. माझ्या मते दोन्हींत एकेक ओळ तरी हवी.

आता टेस्टर.

डॅनियल मॅक्फार्लन मूर हा अमेरिकन गृहस्थ वायू भरलेल्या नळ्यांचे दिवे करण्याच्या नादात क्लोदच्याही आधीपासून होता. त्याचे लांबलचक दिवे काही दुकानांत लागले, पण ते महाग आणि नखरेल. एडिसनच्या बल्बपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. नंतर जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना, १९१७ मध्ये, त्याने उलट दिशेने विचार केला. दिवा मोठा करण्याऐवजी लहान केला. बोटाच्या पेराहून छोटी काचेची कुपी, आत एकमेकांजवळ दोन तारा, आणि किंचित निऑन. तार तापवायची नाही, फक्त तारेभोवतीचा वायू चमकवायचा. उजेड एवढा कमी की त्यात वाचता येत नाही. वीज लागते तीही जवळजवळ नाही इतकीच. असा दिवा कशाला हवा? सांगायला हवा, की इथे वीज आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात दूरचित्रवाणीचे जे पहिले प्रयोग झाले त्यांत चित्र उमटवायलाही मूरच्या दिव्याचाच एक प्रकार वापरला गेला, कारण तो क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो. १९३६ मध्ये मूरचा खून झाला. मारणारा एक बेकार संशोधक होता. मूरचे नाव क्लोदइतके कुणाला माहीत नाही, पण आपल्या इस्त्रीवर, स्टॅबिलायझरवर, स्विचबोर्डच्या इंडिकेटरमध्ये, डास पळवणाऱ्या यंत्राच्या कडेला कैक वर्षे जो नारिंगी ठिपका होता तो मूरचा. ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधली कुपीही याच घराण्यातली. तिच्यात निऑन किंवा आर्गॉनसारखा वायू असतो, तो चमकतो, त्याच्या उष्णतेने आतली धातूची पट्टी वाकते, आणि मग ट्यूब दोनतीनदा डोळे मिचकावून पेटते. उशिरा समजणाऱ्या माणसाला आपण ‘ट्यूबलाइट’ म्हणतो, त्याचे श्रेय या कुपीला आहे.

टेस्टरची रचना सांगतो, कारण गंमत तिच्यातच आहे. पुढे पेचकसाचे टोक. त्यामागे एक रेझिस्टर, दहा लाख ओहमच्या घरातला. त्यामागे निऑनची कुपी, मग स्प्रिंग, आणि मुठीच्या टोकाला धातूची टोपी. टोक फेजला लावायचे आणि टोपीवर बोट ठेवायचे. बोट ठेवले नाही तर दिवा पेटत नाही. वीज टोकातून आत येते, रेझिस्टरमध्ये तिचा जोर मोडतो, ती निऑनमधून जाते, आणि तुमच्या अंगातून जमिनीकडे. ही धार मिलिअँपिअरच्या एका लहान अंशाइतकी, कळतही नाही. पण मंडल पूर्ण होते ते माणसामुळे. जगात असे दिवे फार थोडे असतील की जे पेटायला माणूसच तारेच्या जागी लागतो. चपला घालून उभे राहिले तरी तो पेटतो, जरा मंद. ओल्या वाफ्यात अनवाणी उभा असलेला शेतकरी टेस्टर लावतो तेव्हा तो चांगला लखलखतो. निऑनला शेतकरी जास्त आवडतो असे मी वर्गात म्हणायचो. मुले हसायची, पण परीक्षेत त्यामागचे कारण बरोबर लिहायची.

साठ ते नव्वद व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी निऑन पेट घेतो, त्याखाली नाही. घरच्या एसी विजेवर कुपीतल्या दोन्ही तारा चमकतात, डीसीवर फक्त ऋण बाजूची एक. म्हणजे वीज आहे का एवढेच नाही, कुठल्या जातीची आहे तेही ही कुपी सांगते. नाशिकच्या टपारिया कंपनीचा टेस्टर आमच्याकडच्या बहुतेक वायरमनच्या खिशात असतो. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरच्या खिशाला थर्मामीटर असायचा, तसा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यात दोन वेगळी जगे आहेत. तापीकाठचा शहादा-तळोद्याचा काळा पट्टा, तिथे ऊस, केळी, पपई आणि विहिरींवरच्या मोटारी. नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या लाल पथाऱ्या. आणि उत्तरेला सातपुडा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके, डोंगरांत विखुरलेले पाडे. पहिल्या जगाला टेस्टरची सवय लागली ती विजेमुळे कमी आणि वीज जाण्यामुळे जास्त.

२००५ नंतरची सात-आठ वर्षे आठवतात. दिवसाला बारा-बारा तास भारनियमन. गावात उठल्यापासून एकच प्रश्न, अहिराणीत, ‘लाइट उनी का?’ बल्ब पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असा होत नसे. फ्यूज उडाला असेल, डीपीवरचा डीओ पडला असेल, तीनपैकी एकच फेज आला असेल. मग टेस्टर निघायचा. शेतीपंपाला तिन्ही फेज लागतात. ते दिवसा मिळाले तर नशीब, बहुतेकदा पाळी रात्रीची. उसाच्या फडात बिबट्या असेल, पाटात साप असेल, तरी रात्री दोनला उठून मोटारीच्या पेटीपाशी जायचे, आणि बॅटरी तोंडात धरून एकेका फेजला टेस्टर लावायचा. एक, दोन, तीन. तिन्हीकडे नारिंगी ठिपका दिसला की बटण दाबायचे. एकीकडे दिसला नाही तर परत झोपायला. मोटार दोन फेजवर ओढली तर जळते, आणि मोटार भरून आणणे म्हणजे त्या हंगामाचा नफा गेला. या तीन ठिपक्यांवर केळीचा बाग उभा असायचा. मुंबईच्या कुठल्या निऑनवर एवढे अवलंबून होते?

टेस्टर कधी फसवतो हेही माहीत असावे लागते, आणि वायरमनचे खरे ज्ञान तिथेच दिसते. भर दुपारी उन्हात निऑन दिसत नाही. खांबाजवळ वायरमन तळहाताची ओंजळ करून तिच्यात टेस्टरची मूठ धरतो आणि डोळा अगदी जवळ नेतो, ते यासाठी. न्यूट्रल कुठे तुटला असेल आणि घरात दिवा चालू असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. नवख्याला वाटते दुप्पट वीज आली. खरे तर फेजच दिव्यातून फिरून दुसऱ्या तारेवर येऊन थांबलेला असतो. मोटार जोडलेली असताना तिच्या टोकांवर टेस्टर लावला तर मेलेल्या फेजवरही तो पेटू शकतो, कारण मोटारीच्या गुंडाळीतून जिवंत फेज मागे फिरून येतो. सर्वांत वाईट चूक उलटी असते. टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेली आहे असे धरायचे. कुपी आतून फुटलेली असेल, बोट टोपीवर नीट नसेल, किंवा नुसते ऊन असेल. आमच्या भागातल्या एका जुन्या वायरमनने मला त्याचा नियम सांगितला होता. “सर, आधी चालू बोर्डात घालून बघायचा, पेटतो का. मग बंद लाइनला लावायचा. मग परत चालू बोर्डात.” प्रयोगशाळेत उपकरण पारखण्याची जी पद्धत आम्ही पुस्तकातून शिकवतो ती हीच. त्याने ती कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. त्याच्यासोबत काम करणारा एक पोरगा बंद समजलेल्या लाइनवर गेला होता, त्यानंतर त्याने ती स्वतःशी ठरवली.

सातपुड्यातल्या जगात मात्र कित्येक पाड्यांवर टेस्टर लावायलाच जागा नव्हती. धडगावकडचा एखादा विद्यार्थी टेस्टर पहिल्यांदा नंदुरबारच्या वसतिगृहात हातात धरायचा. नर्मदेच्या काठावरची अक्कलकुवा तालुक्यातली नऊ आणि अक्राणीतली चोवीस अशी या जिल्ह्यातली तेहतीस गावे सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रात आली. त्या धरणाच्या वीजनिर्मितीची क्षमता १,४५० मेगावॉट, आणि तंटा लवादाने ठरवल्याप्रमाणे तिच्यातला महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. पाण्यातला वाटा नगण्य, मुख्य वाटा विजेचाच. म्हणजे महाराष्ट्राने ही गावे दिली ती मुख्यतः विजेसाठी. मुळशीच्या वेळचा हिशेब पुन्हा मांडला गेला, फक्त डोंगर बदलला.

याच डोंगरात अक्राणी तालुक्यात बिलगाव आहे. उदय नदी नर्मदेला जाऊन मिळते तिच्या काठी, जवळच पाण्याची उडी. केरळहून आलेल्या, ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या गटाच्या अभियंत्यांनी आधी नर्मदाकाठच्या डोमखेडीला अगदी छोटा, काहीशे वॉटचा प्रयोग करून दाखवला होता. मग बिलगावला पंधरा किलोवॉटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. बंधारा घालणे, चर खणणे, सामान वाहणे हे सगळे गावाच्या श्रमदानातून. जानेवारी २००३ मध्ये तो सुरू झाला. बारा पाडे, सुमारे १८० घरे आणि नर्मदा आंदोलनाची जीवनशाळा यांना वीज मिळाली.

पंधरा किलोवॉट १८० घरांत सारखे वाटले तर घरटी ऐंशीच्या वर थोडे वॉट होतात. निऑनच्या नळीत एवढ्या विजेवर पाच-सात मीटर अक्षरे पेटतात, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या मध्यम दुकानाच्या नावातली काही अक्षरे. बिलगावला तेवढ्यात संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि पाहुण्याचे तोंड दिसायचे. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये गाव स्वतः पाणी अडवून वीज करते, त्या कथेशी बिलगावचे नाव जोडले जाते. चित्रीकरण मात्र इथले नाही, वाईजवळच्या मेणवलीचे. पडद्यावरचे गाव उजळले तेव्हा शिट्ट्या वाजल्या, त्या वेळी खरे गावही उजळलेले होते.

२००६ मध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात पाणी मागे चढत बिलगावला आले आणि प्रकल्प पाण्याखाली गेला. सुरू होऊन चार वर्षेही झाली नव्हती. पंधरा किलोवॉटचे वीजकेंद्र १,४५० मेगावॉटच्या वीजकेंद्राच्या पाण्याने बुडाले. यात उपरोध शोधायला कष्ट पडत नाहीत, म्हणून मी तो वाढवत नाही. माझ्यापुरता प्रश्न तांत्रिक आहे आणि तो अजून मला सोडत नाही. त्या १८० घरांत लावलेल्या तारा, बटणे आणि होल्डर पाणी चढल्या दिवशीही भिंतीवर होते. घरे सगळी बुडाली नाहीत, बुडाले ते केंद्र. तारेच्या एका टोकाला घर होते आणि दुसऱ्या टोकाला काहीच नव्हते. त्या रात्री तिथे कुणी टेस्टर लावला असता तर तो पेटला नसता, आणि या एका खेपेस त्याचे म्हणणे पूर्ण खरे ठरले असते.

पुढच्या वर्षांत सौरदिवे आले, २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेनंतर खांब आणि मीटर डोंगरात आणखी आत गेले. धडगावच्या बाजारात आता टेस्टर सहज मिळतो. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर २०१७ रोजी, १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीच्या सरदार सरोवराचे लोकार्पण झाले.

निऑनचा फलक मात्र मुंबईतूनही जात चालला आहे. नळी वाकवणारे हात म्हातारे झाले, एलईडी स्वस्त झाला. गंमत म्हणजे ‘निऑन’ हा शब्द वाढला आहे. नंदुरबारला बसस्थानकाच्या बाजूला, शहाद्याला कॉलेज रोडवर, चहा-कॉफीच्या नव्या दुकानांच्या भिंतींवर गुलाबी-निळ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेले असते. त्याला सगळे ‘निऑन’ म्हणतात. ती सिलिकॉनची लवचिक पट्टी असते, आत एलईडीची रांग. निऑनचा एक अणूही नाही, असलाच तर आसपासच्या हवेतला. याबद्दल मला तक्रार नाही. शब्द असेच जगतात, वस्तू गेली तरी. देवनागरीची अडचणही या पट्टीने सोपी केली, तुकडा कापून शिरोरेषा वेगळी चिकटवता येते, काळा रंग फासावा लागत नाही.

गेल्या दिवाळीआधी अशाच एका दुकानात फलक बसवणारा मुलगा पाहिला. विशी-बाविशीचा, बहुधा तळोद्याकडचा. बारा व्होल्टचा अडॅप्टर त्याने हातात घेतला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खिशातला टेस्टर घातला, तो पेटला. मग अडॅप्टर जोडून त्याच्या दुसऱ्या टोकाला टेस्टर लावला, तिथे पेटला नाही. दुकानदार म्हणाला, “भाऊ, अडॅप्टर गेलाय का?” मुलाने मान हलवली. “नाही शेठ, बारा व्होल्टला हा लागत नाही.” त्याने टेस्टर परत खिशात ठेवला, पट्टीची दोन टोके जोडली आणि शिडीवर चढला.